सकूला शोधणारे सामेल मास्तर

सामेल मास्तरांइतका भित्रा माणूस मी वऱ्हाडात दुसरा पाहिला नाही. आणि त्यांच्याइतकी कब्रस्तानं हिंडलेला माणूसही दुसरा पाहिला नाही. दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या आहेत हे शिकलेल्या लोकांना सांगितलं की ते हसतात. हसू द्या. मी दुसरीतून शाळा सोडली, पण जे डोळ्यांनी पाहिलं ते कोणाच्या हसण्यानं बदलत नाही.

त्यांचं खरं नाव शमुवेल. अमरावतीला मिशनच्या शाळेत खालच्या वर्गाला शिकवायचे. आमच्या तोंडी ते सामेल मास्तरच. अंगानं वाळलेले, कोटाच्या गुंड्या गळ्यापर्यंत लावलेल्या, ऊन असो नसो, काळी छत्री काखेत. कोटाच्या खिशात फुटाणे. एकेक फुटाणा तोंडात टाकून असा चघळायचे की अमरावतीहून निघालेला फुटाणा वलगावापर्यंत पुरावा. पालीला भ्यायचे, विहिरीत वाकून पाहायला भ्यायचे, माझ्या बैलांच्या शिंगांना भ्यायचे. माझा पाखऱ्या बैल गाईहून गरीब, पण मास्तर त्याच्या पुढून कधी गेले नाहीत. गाडीला पूर्ण वळसा घालून मागून चढत.

मी भातकुलीकडचा माळी. वांगी, मेथी, सांभाराच्या जुड्या घेऊन अमरावतीच्या बाजाराला जायचो आणि रिकामी गाडी घेऊन परत यायचो. इंग्रज अजून होता, वऱ्हाडचा कारभार नागपुरातून चालायचा, तेव्हाची ही गोष्ट. मास्तरांनी बाजारातल्या सगळ्या गाडीवानांना विचारून पाहिलं होतं. सुटीच्या दिवशी जुनी चर्चं आणि कब्रस्तानं पाहायला न्यायचं, दोनदोन दिवस बाहेर राहायचं, असं काम. सगळ्यांनी कानाला हात लावले. माझ्यापाशी आले तेव्हा म्हणाले, बाकीचे भेले, तुम्हीबी भ्यानच. मला असं कोणी म्हटलं की माझं डोकं फिरतं. मी जागच्या जागी होकार दिला. घरी बायकोला मात्र त्या रात्री दिवा विझवू दिला नाही.

पहिल्यांदा गेलो ते अमरावतीच्याच कँपाकडच्या गोऱ्यांच्या कब्रस्तानात. तिथं मास्तरांची तऱ्हा पाहिली. फाटकाशी उभे राहिले. जोडे काढले. ख्रिस्ती लोक जोडे काढत नाहीत, हे मलाही ठाऊक होतं. मग खाकरले, आणि परक्या घरी जाताना विचारावं तसं विचारलं, "येऊ का जी?" थोडं थांबले. कोणी नको म्हणालं नाही म्हणून आत गेले. हात इतके थरथरत होते की छत्रीचं टोक जमिनीवर टकटक वाजत होतं. आणि आत गेल्याबरोबर मोठ्यानं पाढे सुरू केले. एकोणतीस एके एकोणतीस, एकोणतीस दुणे अठ्ठावन्न. मी बाहेर गाडीच्या जुवाला धरून उभा. चिंचेच्या झाडांतून तो आवाज कधी जवळ यायचा, कधी लांब जायचा. बाहेर आल्यावर मी विचारलं, तुमच्या धर्मात प्रार्थना असते ना, मग पाढे कशाला?

"प्रार्थना म्हनताना मन भटकते, किसनभाऊ," ते म्हणाले. "एकोणतीसच्या पाढ्यात भटकाले जागा नाई."

मग इतकं भेव वाटतं तर जाता कशाला, असं मी विचारलं. त्यांनी ते लपवून ठेवलं नाही. परतताना गाडीतच सांगितलं. मोठा दुष्काळ पडला तेव्हा ते सात वर्षांचे होते. आईबाप वाटेत गेले. त्यांनी चार वर्षांच्या बहिणीला घेऊन अकोल्याच्या बाजूला मिशनच्या छावणीचा रस्ता धरला. बहिणीचं नाव सकू. छावणीत पोचल्यावर थोड्याच दिवसांत सकू गेली. ते स्वतः तापात पडले होते. उठले तेव्हा ती नव्हती. कोणी म्हणालं, चर्चजवळ पुरली. पण त्या वर्षी छावण्या हलत होत्या, पोरं इकडून तिकडे नेत होते. कोणतं चर्च, कोणतं गाव, हे सांगायला कोणी राहिलं नाही. त्यांना सकूची जागा पाहिजे होती. तेवढंच. सापडली तर बसायचं, तिला सांगायचं की मी आलो.

म्हणून ते नुसते दगड पाहत नव्हते. गावात गेलं की पारावर, पाणवठ्यावर बसून भुतांच्या गोष्टी काढायचे. लोकांना अशा गोष्टी सांगायला आवडतं. अमक्याला दिसलं, तमका तापानं फणफणला, गणपतच्या मेव्हण्याचं तोंड वाकडं झालं. मास्तर मध्येच थांबवायचे. त्यांचं ठरलेलं वाक्य होतं, "कोणाले दिसलं ते नको सांगू बाबा. कोणाचं दिसलं ते सांग." पांढरी मड्डम असली, बिनडोक्याचा घोडेस्वार असला, की त्यांचं तोंड उतरायचं. भेवही वाटायचं आणि कामाचंही नसायचं. भुताला भिणारा माणूस गावोगाव एका भुताला शोधत फिरत होता. हे मला तेव्हाच नीट समजलं असतं तर गाडी दिली असती की नाही, सांगता येत नाही.

दोन वर्षं असं चाललं. मी कधी फाटकाच्या आत पाऊल टाकलं नाही. कारण काही सांगायचो, बैल बुजतात, जू सैल आहे. तिसऱ्या उन्हाळ्यात मला खरं कारण मिळालं. बायकोला दिवस गेले होते. त्याआधीचं आमचं एक लेकरू पाळण्यातच गेलं होतं, त्यामुळे ती वाऱ्यालाही भ्यायची. आमच्यात बायको पोटुशी असली की नवऱ्यानं मढ्याला खांदा द्यायचा नाही, मसणात जायचं नाही. तिथलं काही पाठीमागं घरात येतं म्हणतात. मी मास्तरांना सांगितलं. मला वाटलं हा ख्रिस्ती माणूस, पाद्र्याच्या हाताखालचा, हसेल. ते हसले नाहीत. म्हणाले, तुम्ही बाहेर राहायचं, कितीही वेळ झाला तरी आत यायचं नाही, फक्त आवाज ऐकत राहायचं.

त्या सुटीत आम्ही मोठा फेरा काढला. परतवाडा, मग अंजनगाव, अकोट, आणि तिकडून अकोला.

परतवाड्याला जुन्या छावणीतल्या गोऱ्या सोजिरांची थडगी आहेत. तिथं एका कप्तानाच्या थडग्यावर लोक लेकराच्या तापासाठी अंडं आणि चिरूट ठेवतात. चिरूट पेटवून ठेवायचा, तो शेवटपर्यंत जळला तर ताप उतरला. हे मला फाटकावरच्या राखणदारानं सांगितलं, आणि सांगता सांगता माझ्याकडून विडी मागून घेतली. आत मास्तरांचा पाढा चालू होता. एकोणतीस सक, आणि पुढे काही नाही.

मी वाट पाहिली. काही नाही. वारा पडला होता, पान हलत नव्हतं. हाक मारली, ओ नाही. राखणदाराला म्हटलं, जाऊन पाह्य. तो म्हणाला, या वेळेला मी नाही जात, मी राखणदार फाटकाचा. मी ढेकळं उचलून भिंतीवरून आत फेकली. फाटकाच्या गजाला धरून उभा राहिलो. एक पाय उचलला होता. घरातली बाई डोळ्यांपुढे आली आणि पाय होता तिथं ठेवला.

मग मास्तर आले. तोंड राखेसारखं झालेलं. एका लहान थडग्यापाशी बसले होते, पाढा विसरले होते.

"चार वर्षाची होती," ते म्हणाले. "गोऱ्याची पोरगी. वर दगडाचं कोकरू बसवलं हाय."

त्या दिवशी गाडीत त्यांनी खिशात हात घातला नाही. फुटाणे तसेच राहिले.

अकोटाच्या पुढच्या एका गावी मला वाटलं होतं आता आमचं दोघांचंही संपलं. गावाबाहेर एक पडकं चर्च होतं, छप्पर गेलेलं, भिंतीत पिंपळ उगवलेला. गावकरी म्हणत की त्यातली घंटा कोणी न ओढता वाजते. मास्तर जोडे हातात घेऊन जाऊन आले. घंटा कधीच चोरीला गेली होती, नुसती साखळी लोंबत होती. ती हलून भिंतीला लागायची. एवढ्यावर निघालो असतो तर बरं झालं असतं. पण त्यांनी पाणवठ्यावर बायांना विचारलं, इथं कोणाले लहान पोरगी दिसते का, चारेक वर्षाची, एकटी फिरते अशी?

त्या वेळी जवळच नदीवर पुलाचं काम चाललं होतं. आणि पूल टिकायचा तर पायात लेकरू पुरतात, सरकारची माणसं त्यासाठी पोरं उचलतात, अशी हूल गावोगाव उठली होती. कोट घातलेला परका माणूस चार वर्षांची एकटी पोरगी विचारतो म्हटल्यावर काय होणार? बायांनी घागरी टाकल्या आणि ओरडत पळाल्या. आम्ही गाडीपर्यंत पोचेतो माणसं काठ्या घेऊन आली होती. एकानं पाखऱ्याची वेसण धरली. एकाच्या हातात कोयता होता. मी आतापर्यंत मेलेल्यांना भ्यालो होतो. जिवंत माणसाच्या डोळ्यांत ते पाहिलं तेव्हा समजलं की आधीचं भेव काहीच नव्हतं. मी माळी आहे, भातकुलीचा आहे, असं सांगत होतो, पण माझा आवाज मलाच ऐकू येत नव्हता.

गावचा पाटील मास्तरांपुढे येऊन उभा राहिला. खरं सांग, कोण तू? मास्तरांचे ओठ हलले. आणि भेवापायी त्यांच्या तोंडून जे रोज निघायचं तेच निघालं. मोठ्यानं, डोळे मिटून, एकोणतीसचा पाढा. तीन-चार ओळी होईपर्यंत गाव गप्प. मग मागून कोणीतरी म्हणालं, "सोडा त्याले. पोरं चोरनाऱ्याले पाढा येते का? मास्तर हाय बिचारा." दोन-चार माणसं हसली. कोयता खाली आला.

मग मास्तरांनी तिथंच धुळीत बसून सकूची गोष्ट सांगितली. सगळं ऐकून गावचा म्हातारा कोतवाल पुढे आला. दुष्काळात तो पोटासाठी अकोल्याच्या छावणीत कामाला होता. त्यानं एकच प्रश्न विचारला.

"तिच्यावर पानी शिंपडलं होतं का?"

मास्तरांना कळलं नाही. कोतवालानं सांगितलं. बाप्तिस्मा झालेली पोरं चर्चच्या भिंतीच्या आत ठेवायचे. आल्या आल्या गेलेली, पाणी न शिंपडलेली, ती हिंदूंचीच राहिली. हिंदूंचं लहान लेकरू जाळत नाहीत, मातीत देतात. तशी ती मातीत दिली. जुन्या शहराच्या बाजूचा एक माळी यायचा आणि त्यांना आपल्या गाडीत मोर्णा नदीच्या काठी आपल्या मळ्यात न्यायचा. उघड्या वाळूत कोल्हे उकरतात म्हणून मळ्यात, कुंपणाच्या आत.

"मी ख्रिस्ती झालो," मास्तर मला म्हणाले, "म्हनून तीबी झाली असन, असंच धरून चाललो मी. इतके वर्ष भिंतीच्या आतच पाह्यलं."

अकोल्याला पोचलो तेव्हा उन्हं चढली होती. मळा सापडायला वेळ लागला नाही. जुन्या शहरात फुलं विकणारी सगळी माणसं तो ओळखत होती. मळ्यात गिरजामाय नावाची म्हातारी होती, त्या माळ्याची सून. आमच्याच जातीची निघाल्यानं तिनं मला आधी कूळ विचारलं, मग पाणी दिलं. मास्तरांनी हात जोडून सगळं सांगितलं. ती उठली आणि कुंपणाच्या कडेचा एक मोगऱ्याचा वाफा दाखवला.

बाकीचा मळा सकाळीच खुडून बाजारात गेला होता. त्या वाफ्यावर फुलं तशीच होती, खाली गळून पिवळी पडलेलीही तशीच. गिरजामाय म्हणाली, हा लेकरांचा वाफा. याचं फूल आमच्या घरात कोणी खुडत नाही, विकत नाही, देवाला घालत नाही. पाणी मात्र पहिलं यालाच. तिच्या सासऱ्यानं घातलेला नियम.

मास्तरांनी विचारलं, यातली सकू कोणती असेल?

"ते कोन सांगन, बापू?" ती म्हणाली. "पन ऐकून घे. आमी भर दुपारी तथी जात नाई. ते पदर धरतात. कडेवर घे म्हनतात. माह्या सासूनं एकाले घेतलं होतं. मंग ते घरीच आलं. बुढी मरेपर्यंत त्याच्यासाठी भाकरीचा कुटका काढून ठेवत जाय. एकदा घेतलं की खाली ठेवता येत नाई."

मी म्हटलं, मास्तर, जागा पाहिली, आता चला. त्यांनी जोडे काढले.

"नाव घेऊन हाक मारजो," गिरजामाय त्यांना म्हणाली. "ज्याचं असन ते येईन." आणि ती डोक्यावरून पदर ओढून झोपडीत गेली. दार लावल्याचा आवाज मी ऐकला.

मी कुंपणाबाहेर गाडीजवळ आलो. ऊन असं की सावली पायाखाली गोळा झालेली. मोगऱ्याच्या वासानं डोकं जड झालं होतं. मी कान देऊन पाढ्याची वाट पाहत होतो. पाढा आला नाही. "येऊ का जी" आलं नाही. बराच वेळ नुसतं रहाटाचं कुरकुरणं, मग तेही थांबलं. आणि मग मास्तरांचा आवाज. मोठा नाही, घरातल्या घरात हाक मारावी तेवढा.

"सकू."

बसलेले दोन्ही बैल एकदम उठून उभे राहिले. कान मळ्याकडे. पाखऱ्या कधी बुजणारा बैल नव्हता. मी त्याच्या मानेला हात लावला तर कातडी थरारत होती. मी डोळे मिटून घेतले, ते पावलांचा आवाज आल्यावरच उघडले.

मास्तर येत होते. छत्री आणि जोडे उजव्या हातात. डावा हात कोपरात वाकवून कमरेशी धरलेला, तो खांदा वर उचललेला, आणि कंबर त्या अंगाला बाहेर काढलेली. लेकरू कडेवर घेतलेला माणूस जसा चालतो तसे चालत होते. सावकाश, पाय जपून टाकत. कडेवर काही नव्हतं. मी नीट पाहिलं, काही नव्हतं. पण त्यांचे हात थरथरत नव्हते. तीन वर्षांत पहिल्यांदा ते थरथरत नव्हते, आणि त्या दिवशी पाहिलेल्या सगळ्यांत मला त्याचंच जास्त भेव वाटलं. पाखऱ्याच्या शिंगापुढून ते सरळ चालत आले.

मी गाडीच्या मागच्या बाजूला आडवा उभा राहिलो. माझं घर माझ्या डोळ्यांपुढे होतं. पुढे आषाढात माझा थोरला झाला, चांगला धडधाकट, आज त्यालाही नातवंडं आहेत. पण ते मला त्या दुपारी कोणी सांगितलेलं नव्हतं. मी आजही तसाच आडवा उभा राहीन.

मास्तरांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि समजले. त्यांना राग आला नाही.

"नाई बसत, किसनभाऊ," ते म्हणाले. "तुमची बायको घरी वाट पाहून राहिली असन. आमी दोघं रेल्वेनं जातो."

बैलगाडी मळ्यापाशीच ठेवून मी त्यांची पिशवी घेऊन स्टेशनापर्यंत गेलो, पण पुढे चालत. मागं वळलो नाही. मागून त्यांचं हळू हळू बोलणं ऐकू येत होतं. हा पूल, हे दुकान, हा टांगा. मधूनच थांबायचे, जणू कोणी काही विचारलं आहे, आणि मग सांगायचे.

तिकिटाच्या खिडकीशी ते वाकले आणि म्हणाले, "बडनेरा. एक पुरं, एक अर्धं."

बाबूनं मान लांब करून बाहेर पाहिलं. लेकरू कोठी हाय, असं विचारलं.

"हाय," मास्तर म्हणाले.

बाबूनं माझ्याकडे पाहिलं. मी माझ्या पायांकडे पाहिलं. दोन तिकिटं खिडकीतून बाहेर आली. गाडी आली तेव्हा मास्तर चढताना आधी डाव्या बाजूनं जपून वाकले, दाराच्या चौकटीला काही लागू नये तसे.

त्यानंतर मी त्यांना पाहिलं नाही. पुढच्या हंगामात बाजारात कोणी म्हणालं, त्यांची बदली झाली, कोणी म्हणालं, नोकरी सोडून गेले. मी शाळेकडे गेलो नाही. मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्या गाडीच्या डब्यात. खिडकीजवळची जागा त्यांनी मोकळी ठेवली होती आणि स्वतः तिच्या शेजारी बसले होते. डब्यात माणसं दाटली होती, तरी त्या जागेवर कोणी बसलं नाही. गाडी हलली. मास्तर त्या मोकळ्या जागेकडे वाकले, बोटानं मला दाखवलं, आणि तिला काहीतरी सांगितलं.

माझा हात आपोआप वर गेला. गाडी दिसेनाशी झाली, प्लाटफार्म रिकामं झालं, तरी मला तो खाली घ्यायची हिंमत होईना.